चषक जमातीचा, संघ कुणाचा?

मागच्या महिन्यात जुम्म्याची नमाज झाल्यावर मोहल्ल्यातली सहा-सात पोरं घरी आली. एकाच्या हातात पावती पुस्तक, दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये फ्लेक्सचं डिझाइन. मी आयुष्यभर मास्तरकी केली, त्यामुळे त्यातली निम्मी माझ्या हाताखालून गेलेली. बसली, पाणी प्यायली आणि मुद्द्यावर आली.

“सर, यंदा फुटबॉलची लीग घेतोय. शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुक्यांतून आठ टीम. एका टीममध्ये सात जण. खेळाडूंचा लिलाव होणार, यूट्यूबवर लाइव्ह दाखवणार, ट्रॉफी एवढी मोठी आहे. फक्त आपल्या समाजाची पोरं.”

मी तीन प्रश्न विचारले. मैदान कुणाचं? एका ओळखीच्याची मोकळी जागा आहे, तीन दिवसांसाठी दिली आहे. स्पर्धा संपल्यावर हे आठ संघ काय करणार? पोरं एकमेकांकडे बघायला लागली. आणि ‘फक्त आपल्या समाजाची’ हे कशासाठी?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र लगेच आलं. सगळ्यात शांत बसलेला पोरगा म्हणाला, “सर, ते तरी आपल्याला कुठे घेतात?”

मी त्या दिवशी पावती फाडू दिली नाही. पोरं नाराज होऊन गेली. मोहल्ल्यात बोलणं सुरू झालं की सरांना समाजाचं काही करायचं नसतं, सरांना फक्त लिहायचं असतं. म्हणून आता लिहूनच सांगतो.

आधी एक कबुली. त्या पोराने जे सांगितलं ते खोटं नाही. आपल्या दोन्ही तालुक्यांत गेल्या काही वर्षांत जातीच्या नावाने क्रिकेटच्या लीग निघाल्या. भात कापून झालं की खाचरात खेळपट्टी तयार होते, मांडव पडतो, कॉमेंट्री सुरू होते. फ्लेक्सवर नेत्यांचे फोटो खेळाडूंच्या फोटोंपेक्षा मोठे. अमक्या समाजाची लीग, तमक्या समाजाचा चषक. ज्याची जात त्या यादीत नाही, त्याने कडेला उभं राहून टाळ्या वाजवायच्या. आपल्या पोरांनी हे पाहिलं, आणि आपलाही एक फ्लेक्स हवा असं त्यांना वाटलं. यात त्यांचा दोष कमी आणि आम्हा वडीलधाऱ्यांचा जास्त आहे. कारण एकेकाळी आमच्याकडे दुसरं काहीतरी होतं आणि ते आम्ही आमच्या हाताने जाऊ दिलं.

१९८० च्या दशकात आमच्या गावात फुटबॉलचा संघ होता. त्याला नाव नव्हतं. शाळेतले एक गुरुजी घाटावरून बदलून आले होते, त्यांनी तो उभा केला. त्यात कुणब्यांची पोरं होती, आगऱ्यांची होती, आश्रमशाळेत शिकणारा एक ठाकूर पोरगा होता. तो अनवाणी पळायचा आणि बूट घातलेल्यांना मागे टाकायचा. आणि आम्ही तिघं मुसलमान. पावसात शाळेच्या मैदानावर गुडघाभर चिखलात खेळायचो. चेंडू एकच. तो फाटला की सायकलच्या दुकानातले चाचा तो शिवून द्यायचे आणि पंपाने हवा भरायचे, पैसे कधी घेतले नाहीत. मॅचला कल्याणला जायचो तेव्हा एसटीच्या मागच्या सीटवर एकाच डब्यातली भाकरी सगळे खायचो. रमजानमध्ये सामना आला तर गुरुजी इतरांना सांगायचे, “हे तिघे रोजात आहेत, यांच्यासमोर पाणी पिऊ नका.” कुणाला यात काही विशेष वाटत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मी त्या संघाचा इतिहास लिहायला बसलो. दीड पानात संपला. कोणत्या वर्षी सुरू झाला, यावर तीन जुने खेळाडू तीन वर्षं सांगतात. कल्याणचा सामना जिंकलो की बरोबरीत सुटला, यावर दोघांचं भांडण झालं. एक फोटो आहे, त्याच्या मागे काही लिहिलेलं नाही. वही नाही, हिशेब नाही, ठराव नाही. गुरुजींची बदली झाली, मैदानावर बांधकाम आलं, आणि मग ब्याण्णव-त्र्याण्णवचा तो हिवाळा आला. मुंबईत जे झालं ते आमच्याकडे झालं नाही, अल्लाचे उपकार. पण त्यानंतर कुणी कुणाला खेळायला हाक मारली नाही. कुणी कुणाला संघातून काढलं नाही. नुसतं बोलावणं बंद झालं.

संघ मोडला तेव्हा तो मोडला हेसुद्धा कुणाला कळलं नाही, कारण मोडायला काही उभंच नव्हतं. नाव असतं, वही असती, कुणाच्या तरी नावावर जागा असती, तर निदान कुणीतरी विचारलं असतं की यंदा सराव का नाही. आमच्याकडे माणसं चांगली होती, संस्था नव्हती. चांगली माणसं बदलून जातात, म्हातारी होतात, घाबरतात. आजच्या पोरांना मी जे सांगतोय ते याच पश्चात्तापातून सांगतोय.

स्पर्धा म्हणजे क्लब नव्हे. स्पर्धा तीन दिवसांची असते. लिलावात ‘संघमालक’ खेळाडू विकत घेतो, चौथ्या दिवशी संघ विरतो, टी-शर्ट शेतात घालायला उपयोगी पडतो. क्लबला मालक नसतो, सभासद असतात. तो हरलेल्या वर्षीही जिवंत असतो. त्यात बाप खेळलेला असतो आणि पोरगा खेळणार असतो. आमच्या दोन तालुक्यांत चषकांचा ढीग पडला आहे, पण ज्याची वही पन्नास वर्षं मागे जाते असा फुटबॉलचा क्लब मला कुणी दाखवत नाही.

मग असा क्लब असतो कसा? फार लांब जायला नको. आपल्याच राज्यात कोल्हापूर आहे.

कोल्हापुरात फुटबॉल तालमींच्या नावाने खेळला जातो. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडीचा संघ. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागचं मैदान उभं केलं, आणि पेठापेठांतल्या या तालमी पुढे फुटबॉलच्याही झाल्या. १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. लोक तिला केएसए म्हणतात. शाहू स्टेडियमवर तिची लीग दरवर्षी चालते, हंगाम हिवाळ्यात सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत लांबतो. मोठ्या सामन्याला हजारो माणसं येतात. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, त्यात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

पण मला यातली महत्त्वाची गोष्ट दुसरी वाटते. तालमीचा संघ पेठेचा असतो. कोल्हापूरचा माणूस ‘मी पाटाकडीलचा’ किंवा ‘मी दिलबहारचा’ म्हणतो तेव्हा तो आपली जात सांगत नसतो, आपली गल्ली सांगत असतो. त्या गल्लीत जो राहतो तो त्या तालमीचा, मग त्याच्या घरात गणपती बसो की मोहरमचा पंजा. खरं तर कोल्हापुरात अनेक तालमी दोन्ही करतात. २०१८ ते २०२० अशी सलग तीन वर्षं गणेशोत्सव आणि मोहरम एकत्र आले, तेव्हा तिथल्या काही ठिकाणी गणपती आणि पंजा एकाच मांडवात बसले. हे कुणी सरकारी सद्भावना दिवसासाठी केलेलं नव्हतं. मांडव एकच होता आणि दोन्ही सण त्याच मंडळाचे होते, एवढंच.

आता लगेच कुणीतरी म्हणेल, सर कोल्हापूरचं फार कौतुक करताय, तिथे काय होतं ते माहीत आहे का? माहीत आहे. तिथे सामन्यात हाणामाऱ्या होतात. एका पेठेचे पाठीराखे दुसऱ्या पेठेवर धावून जातात, दगड पडतात, पोलिसांचा बंदोबस्त लावावा लागतो. पैसा आला तसे संघांनी आफ्रिकेतले खेळाडू आणले आणि गल्लीतली पोरं बाकावर बसली, अशी तक्रार जुने लोक करतात. आणि जून २०२३ मध्ये त्याच शहरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, मुसलमानांच्या दुकानांचं नुकसान झालं. फुटबॉलने दंगल थांबत नाही. तसं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे.

पण एक फरक आहे. ज्या गल्लीत हिंदू आणि मुसलमान पोरांनी एकाच रंगाची जर्सी घातलेली असते, तिथे दंगलीच्या दुसऱ्या दिवशी कुणीतरी कुणालातरी फोन करू शकतो. त्याच्याकडे नंबर असतो. आमच्या पोरांकडे तो नंबर नाही. आणि आता आपणच अशी लीग काढतोय की तो नंबर कधी मिळायचा नाही.

दुसरा आक्षेप माझ्याच एका विद्यार्थ्याने घेतला, आणि तो बिनतोड वाटावा असा आहे. तो म्हणाला, “सर, तुम्ही शाहू महाराजांचं नाव घेता. त्यांनीच तर जातवार बोर्डिंगं काढली. मराठ्यांचं वेगळं, जैनांचं वेगळं, लिंगायतांचं वेगळं. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंगही त्यांनीच काढलं. मग आमची लीग का खटकते?”

चांगला प्रश्न आहे. पण बोर्डिंग कशासाठी होतं ते पाहा. खेड्यातल्या पोराला शहरात राहायला जागा नव्हती, दुसऱ्याच्या घरात त्याला शिवाशिवीमुळे किंवा खाण्यापिण्यामुळे कुणी ठेवून घेत नव्हतं. म्हणून रात्री झोपायला आणि दोन घास खायला बोर्डिंग. सकाळी ती पोरं जायची कुठे? शाळेत, आणि शाळेत सगळी एकत्र. बोर्डिंग ही शिडी होती, ती सगळ्यांच्या शाळेत नेत होती. तुमची लीग कुठे नेते? अंतिम सामना जिंकला की पुढची पायरी काय? पुढच्या वर्षी पुन्हा तीच लीग. वर्गातलं पोरगं मागे पडलं म्हणून त्याला संध्याकाळी वेगळं शिकवणं एक आणि त्याचं नावच शाळेतून काढून घेणं वेगळं.

तिसरा आक्षेप अभिमानाचा आहे. मोहमेडन स्पोर्टिंगचं काय? कलकत्त्याचा हा क्लब १८९१ चा. १९३४ मध्ये त्याने कलकत्ता लीग जिंकली. भारतीय संघाने ती जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती. आणि मग १९३८ पर्यंत सलग पाच वर्षं जिंकत राहिला. गोऱ्या पलटणींच्या संघांना हरवत होता. १९३७ मध्ये मुंबईचा रोव्हर्स कप पहिल्यांदा भारतीय संघाकडे आला, तो संघही बंगलोर मुस्लिम्स. मलाही याचा अभिमान आहे. लहानपणी वडिलांकडून ही नावं ऐकलेली आहेत.

पण हाच अभिमान पुरा सांगा. मोहमेडन स्पोर्टिंग २०२४ मध्ये इंडियन सुपर लीगमध्ये पोचला, आणि त्याच्या काळ्या-पांढऱ्या जर्सीत सगळ्या धर्मांची पोरं खेळतात. नाव जुनंच आहे, दार उघडं आहे. म्हणून माझं भांडण नावाशी नाही. क्लबचं नाव मुस्लिम असो, तालीम असो, मारुतीचं असो. भांडण ‘फक्त’ या शब्दाशी आहे.

‘फक्त’ या शब्दाने काय होतं ते मुंबईने चांगलं पाहिलं आहे. तिथली क्रिकेटची स्पर्धा धर्मावर उभी होती. १९०७ मध्ये युरोपियन, पारशी आणि हिंदू, १९१२ पासून मुसलमान, १९३७ पासून ‘इतर’. हो, पाचव्या संघाचं नावच ‘द रेस्ट’ होतं, म्हणजे उरलेले. सांगलीचे विजय हजारे मराठी ख्रिश्चन, म्हणून ते या उरलेल्यांत. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध त्यांच्या संघाने ३८७ धावा केल्या, त्यातल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. एवढा मोठा खेळाडू, आणि त्याची ओळख काय, तर उरलेला. आणि हिंदू संघाच्या आत तरी सगळे हिंदू सारखे होते का? पळवणकर बाळू हे त्या काळातले मोठे गोलंदाज, पण चांभार समाजातले, म्हणून त्यांना चहा वेगळ्या भांड्यात मिळायचा आणि कर्णधारपद कधी मिळालं नाही. ते पुढे १९२३ मध्ये त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळालं. ‘फक्त आपली’ म्हणून दार लावलं की आतल्या खोल्यांनाही कड्या लागतात. आज ‘फक्त मुसलमान’, उद्या लिलावात हा कोकणी, तो उत्तरेकडचा, याचा मसलक कोणता. पोरांनो, याची सुरुवात तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर झालेलीच आहे, मला माहीत आहे.

१९४० मध्ये गांधीजींनी या धर्मवार सामन्यांविरुद्ध मत दिलं. १९४६ मध्ये ती स्पर्धा बंद पडली. आणि आपण शहापूर-मुरबाडात तीच पुन्हा चालू करतोय, फक्त लाइव्ह स्ट्रीमिंगसह.

आता एक उदाहरण जरा लांबचं, पण मला ते अगदी आपल्या तालुक्याचं वाटतं. स्कॉटलंडमध्ये ब्लँटायर नावाचं कोळसा खाणींचं एक छोटं शहर आहे. तिथला क्लब ब्लँटायर व्हिक्टोरिया, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेला. तो ‘ज्युनियर’ फुटबॉलचा क्लब. ज्युनियर म्हणजे लहान मुलांचा नव्हे, मोठ्या व्यावसायिक लीगच्या खालच्या दर्जाचा, छोट्या शहरांचा आणि खाणगावांचा. दिवसभर खाणीत राबायचं आणि शनिवारी गावच्या संघातून खेळायचं. या क्लबांची स्वतंत्र संघटना १८८६ पासून आहे. गाव पाच हजारांचंही नसेल, पण स्वतःचं मैदान, स्वतःचं फाटक, स्वतःची वही. ऑखिनलेक नावाच्या अशाच एका खाणगावच्या क्लबने २०१९ मध्ये स्कॉटिश कपात एअर युनायटेड या व्यावसायिक संघाला १-० हरवलं.

तिथेही दोन जमाती होत्या. प्रोटेस्टंट आणि आयर्लंडहून पोटासाठी आलेले कॅथलिक. शाळा वेगळ्या, सोयरिक नाही, नोकरीच्या अर्जात नाव वाचून धर्म ओळखायचा. ऐकल्यासारखं वाटतं ना? ग्लासगोत गरीब कॅथलिकांच्या पोटाला अन्न मिळावं म्हणून १८८७ मध्ये एका कॅथलिक ब्रदरने सेल्टिक क्लब काढला. म्हणजे जमातीचाच क्लब. पण त्याने खेळाडू घेताना धर्म विचारला नाही. समोरचा रेंजर्स प्रोटेस्टंटांचा. त्याने जवळजवळ सगळं विसावं शतक नावाजलेला कॅथलिक खेळाडू घेतला नाही. १९८९ मध्ये मो जॉन्स्टनला घेतलं तेव्हा त्यांच्याच काही पाठीराख्यांनी आपले मफलर जाळले.

आता या ब्लँटायर व्हिक्टोरियातून कोण निघालं ते पाहा. जॉक स्टीन, प्रोटेस्टंट, खाणकामगार. पुढे तो सेल्टिककडे गेला तेव्हा त्याच्या गावातल्या काही जुन्या मित्रांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. १९६५ मध्ये तो सेल्टिकचा मॅनेजर झाला, त्या क्लबचा पहिला प्रोटेस्टंट मॅनेजर. आणि बिली मॅकनील, कॅथलिक, १९५७ मध्ये याच ब्लँटायर व्हिक्टोरियातून सेल्टिकला गेला आणि कर्णधार झाला. २५ मे १९६७ ला लिस्बनमध्ये सेल्टिकने इंटर मिलानला २-१ हरवून युरोपियन कप जिंकला. असं करणारा ब्रिटनमधला तो पहिला क्लब. त्या दिवशी खेळलेले सगळे अकरा जण सेल्टिकच्या मैदानापासून तीस मैलांच्या आत जन्मलेले होते.

शहापूरपासून तीस मैल मोजा. मुरबाड आलं, कल्याण आलं, भिवंडी आली, कसारा आला. एवढ्या पट्ट्यातून युरोप जिंकणारा संघ उभा राहिला, कारण खाली गावागावांत असे क्लब होते जिथे एक प्रोटेस्टंट आणि एक कॅथलिक पोरगा, काही वर्षांच्या अंतराने का होईना, एकाच गावची जर्सी घालू शकला. ब्लँटायरच्या लोकांनी ‘फक्त आपली’ लिहिलं असतं, तर या दोघांतला एक तिथून निघालाच नसता.

आणि सेल्टिकच्या अनवाणी पाहुण्याची गोष्टही सांगून टाकतो, कारण तो आपला आहे. १९३६ मध्ये मोहमेडन स्पोर्टिंगचा मोहम्मद सलीम ग्लासगोला गेला. बूट घालत नव्हता, पायाला पट्ट्या बांधून खेळायचा. सेल्टिकने त्याला आपल्या दुसऱ्या फळीच्या संघातून दोन सामने खेळवले, त्यातला एक गॅल्स्टन या छोट्या गावच्या संघाविरुद्ध. कलकत्त्याच्या मुसलमानांचा खेळाडू, ग्लासगोच्या कॅथलिकांचा क्लब. कुणी त्याला विचारलं नाही, तू आमच्या समाजाचा आहेस का. सलीम परत आला, पण त्याचं नाव तिथे अजून निघतं, कारण त्या क्लबला इतिहास आहे. आमच्या संघातल्या त्या अनवाणी ठाकूर पोराचं नाव आज आमच्या गावात किती जणांना आठवतं?

आता थोडं आमच्या हिंदू मित्रांशी, कारण हे पान तेही वाचतात. पोरांना मी रागावलो, पण ‘ते तरी आपल्याला कुठे घेतात’ याचं उत्तर माझ्याकडे नाही, ते तुमच्याकडे आहे. गावच्या संघाची निवड एखाद्या मंडळाच्या मांडवात होते, सराव आरती झाल्यावर ठरतो, ग्रुपवर रोज काय काय फिरतं ते तुम्हालाही दिसतं. अशा ग्रुपवर आमचा पोरगा किती दिवस टिकेल? त्याला कुणी बाहेर काढत नाही, हे मान्य. पण तो बाहेर पडला हे तुमच्या लक्षात तरी आलं का? तुमच्यातले जे माझ्यासोबत एसटीच्या मागच्या सीटवर बसत होते, त्यांना मी हे नाव घेऊन विचारू शकतो. इथे नाव घेत नाही.

आणि सगळ्यांनी मिळून विचारायचा एक प्रश्न आहे, तो जातीच्या लीगमुळे कुणी विचारतच नाही. मैदान कुठे आहे? फुटबॉलचं मोठं मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद. म्हणजे पावणेदोन एकर. आमच्या शहापूर तालुक्याने मुंबईला तानसा दिला १८९२ मध्ये, पुढे वैतरणा दिली, भातसा दिली. समृद्धी महामार्गाला जमीन दिली. मुरबाडची गावं बारवीच्या पाण्यात गेली. एवढं देणाऱ्या दोन तालुक्यांतल्या पोरांना प्रत्येक मोठ्या गावात पावणेदोन एकर मिळू नयेत? पण हे मागायला एक आवाज लागतो. आठ समाजांच्या आठ लीग आठ वेगवेगळ्या पुढाऱ्यांकडून ट्रॉफी घेतात, आणि ट्रॉफी देणारा खूश असतो, कारण ट्रॉफी मैदानापेक्षा फार स्वस्त पडते.

म्हणून पोरांनो, पैसे मी देतो. जेवढे मागितले त्याच्या दुप्पट देतो. माझ्या अटी लिहून घ्या.

क्लबला गावाचं नाव द्या. पुढे ‘मुस्लिम’ नको आणि कुठल्याही पुढाऱ्याचं नावही नको. संस्था नोंदवा, त्यासाठी कायद्याने सात माणसं पुरतात, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन कागद मी करून देतो. पण त्या सातांत निदान तिघे आपल्या मोहल्ल्याबाहेरचे हवेत, आणि त्यांना बोलवायला तुम्ही जायचं. एकदा नाही म्हणाले तर दुसऱ्यांदा जायचं. घटनेत लिहा की खेळाडूची जात-धर्म विचारला जाणार नाही. लिलाव नको. स्पर्धा असो-नसो, दर रविवारी सकाळी सराव. मुलींचाही संघ काढा. ‘आपली पोरं’ म्हणताना तुम्ही आपल्या बहिणी धरल्याच नव्हत्या, हे मी त्या दिवशी बोललो नाही, आज बोलतो.

आणि एक वही ठेवा. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. प्रत्येक सामन्याची तारीख, कुणाविरुद्ध, कोण खेळलं, किती गोल, कुणी पाणी आणलं, चेंडू कुणी शिवला. हरलात तरी लिहा. दंगल झाली, कर्फ्यू लागला, सराव बंद राहिला, तर तेही त्या रविवारच्या तारखेखाली लिहा, म्हणजे पुढच्या रविवारी कुणालातरी विचारावं लागेल की आज सराव का नाही. आमच्या वेळी हे विचारायला वही नव्हती.

वही मी आणून ठेवली आहे. पहिल्या पानावर काही लिहिलेलं नाही. पावती पुस्तक घेऊन या, आणि येताना मोहल्ल्याबाहेरचा निदान एक जण सोबत आणा.